मराठवाड्याचं ऊन, मराठवाड्याचा वारा : गावोगावी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सात जण आहोत. दोन निवृत्त शिक्षक, एक वायरमन, एक वकील ताई आणि बाकीचे शेतकरी. स्वच्छ वीज आणि हवामान बदल या विषयांवर बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडच्या गावांत बोलायला जातो. कधी पारावर बसतो, कधी मोंढ्यात, तर कधी येळवसच्या (वेळा अमावास्येच्या) दिवशी कुणाच्या तरी रानात कोपीजवळ. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. सौर आणि पवन वीज मराठवाड्यात आलीच पाहिजे, असं आमचं मत आहे. पण ती इथल्या माणसाला विचारून, त्याचा वाटा कागदावर ठरवून आली पाहिजे.

पाण्याची बोंब असताना विजेचं काय घेऊन बसलात?

हे दोन वेगळे प्रश्न नाहीत म्हणून. परळीचं उदाहरण घ्या. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ थंड करायला पुन्हा पाणीच लागतं. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद करावं लागलं. तेव्हा कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, फक्त गोदावरीत पाणी नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं.

आता हिशोब करू. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, अशी मर्यादा केंद्र सरकारने २०१५ मध्ये घातली. ही मर्यादा तंतोतंत पाळली तरी २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, की २ कोटी १० लाख लिटर पाणी जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका संचाला दिवसाला तशा ४२ गाड्या लागतात. ती गाडी बघायला स्टेशनवर आलेल्या बायकांचे चेहरे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सौर पॅनेलला धुण्यापुरतं पाणी लागतं, पवनचक्कीला तेवढंही नाही. तुटीच्या खोऱ्यात वीज कशापासून करायची, याचं उत्तर या हिशोबातच आहे.

दुष्काळ तर बहात्तरलाही होता. मग यात हवामान बदल कुठून आला?

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्राकडून येणारे ढग घाटावरच रिकामे होतात आणि आपल्याला बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे अवर्षण इथे नवं नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडत काढला.

बदललाय तो पावसाचा स्वभाव. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ते लवकर सुटत नाही, म्हणून खंड लांबतो. आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं. दीड महिना सोयाबीन माना टाकून उभं राहतं आणि मग दोन दिवसांत बांध फुटतात, ते यामुळे. गेल्या काही वर्षांची यादी डोळ्यांसमोर आणा. २०१२-१३ ला दुष्काळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, काढणीला आलेला गहू-हरभरा जमिनीवर. २०१५-१६ ला पुन्हा दुष्काळ. २०२३ ला पावसाने ओढ दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं आणि माणसं गेली. त्याच सप्टेंबरात भूम-परंड्यात लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं आणि सिंदफणा, मांजरा, तेरणेच्या काठची काळी माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस आला आणि जमीन पुन्हा पिकली. खरडून गेलेल्या जमिनीचं तसं होत नाही, तिथे माती परत यायला पिढ्या जातात. जुन्या दुष्काळात आणि आताच्या संकटात आम्हाला सगळ्यात मोठा फरक हाच दिसतो.

प्रत्येक पूर हवामान बदलानेच येतो, असं आम्ही म्हणत नाही. नदीपात्रातली बांधकामं, बुजवलेले ओढे, धरण भरल्यावर धावपळीने उघडलेले दरवाजे हीही कारणं आहेत. पण ज्या तव्यावर हे सगळं शिजतंय, तो आधीपेक्षा तापलेला आहे.

धूर काढला अमेरिका-युरोपने. आपण का भोगायचं आणि आपणच का बदलायचं?

तक्रार खरी आहे. भारतातल्या माणसामागे होणारं कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तर त्याहून कितीतरी कमी असणार. म्हणूनच आम्ही ‘जगाला वाचवा’ म्हणत गावात येत नाही. दिवसा वीज, कमी पाणी, गावाला हक्काचं उत्पन्न या गोष्टींसाठी येतो. त्यातून धूर कमी होणार असेल, तर उत्तमच.

दिवसा लाईट खरंच मिळणार का?

काही ठिकाणी मिळायला लागली आहे. रात्री दोनला मोटार चालू करायला रानात जाणं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. साप, विंचू, आता काही तालुक्यांत बिबट्याही. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावून गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यामुळे या सगळ्या विषयात आमच्या जवळचा प्रश्न हाच आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. कल्पना सोपी आहे. शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळच छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा थेट त्या फिडरवर सोडायची. वीज लांबून आणावी लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती वाचते. या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प आपल्याच भागात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, २०२४ मध्ये सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे. अशा प्रकल्पांची वीज साधारण ३ रुपये युनिटने मिळते. शेतीपंपाला द्यायची वीज महावितरणला एरवी याच्या दुपटीहून महाग पडते, म्हणून सरकारलाही यात रस आहे.

आता तुमच्या गावापुरतं काय करायचं ते सांगतो. तुमचा शेतीचा फिडर कोणत्या उपकेंद्रावर आहे, त्या उपकेंद्रासाठी सौर प्रकल्प मंजूर आहे का, काम कुठे अडलंय, हे तिन्ही प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आमचा अनुभव असा, की ज्या गावाने लेखी विचारलं, तिथे निदान सर्वेक्षणाला गाडी तरी येऊन गेली.

सौर पंप घ्यावा, की फिडर सौर होण्याची वाट बघावी?

वीज जोडणी नसेल आणि डीपी (रोहित्र) लांब असेल, तर सौर पंप घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात असते आणि विमाही असतो. पॅनेल वाऱ्याने उडालं, चोरीला गेलं, तर त्या दिवशीच फोटो काढा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

चालू जोडणी असेल, तर घाई करू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी माफ केलेलं आहे. तुमचा फिडर सौर होणार असेल, तर तीच मोटार दिवसा चालेल. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. सौर पंप ढगाळ दिवशी कमी पाणी ओढतो आणि खूप खोल बोअरवर त्याची दमछाक होते. आमच्यातल्या एकाने बोअरची खोली न मोजता पंप घेतला आणि दोन उन्हाळे पश्चात्ताप केला.

पण दिवसभर फुकट पाणी उपसलं, तर बोअर आटणार नाहीत का?

आटतील. हा आक्षेप खरा आहे आणि स्वच्छ ऊर्जेचं काम करणारे लोक तो बऱ्याचदा टाळतात. भारनियमनामुळे उपशाला आपोआप लगाम बसत होता, तो सुटतो. म्हणून सौर पंपासोबत ठिबक हवंच आणि गावाने आपला पाण्याचा ताळेबंद मांडायला हवा. पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, रब्बीला किती क्षेत्र झेपेल, हे सगळं दसऱ्याच्या आसपास पारावर बसून ठरवता येतं. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या पोकरा योजनेतल्या गावांत हे करून पाहिलेलं आहे. आणि दीड वर्ष पाणी पिणाऱ्या आडसाली उसाला सौर पंपाने पाणी देणं म्हणजे स्वच्छ ऊर्जा नव्हे, असं आम्ही ऊस लावणाऱ्या आमच्याच भावकीलाही सांगतो.

प्रकल्पाला जमीन भाड्याने द्यावी का?

खडकाळ, मुरमाड, पिकाला नालायक जमीन असेल आणि ती उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत असेल, तर विचार करायला हरकत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. म्हणजे एकरी ५० हजार. कोरडवाहू मुरमाड रानातून इतकं निव्वळ उत्पन्न कुणाला मिळतं, हे आपण सगळे जाणतो. पण काळी कसदार जमीन देऊ नका. त्या जमिनीची किंमत तिच्या पिकात आहे.

खासगी प्रकल्पांत हा दर बंधनकारक नसतो आणि फसगत तिथेच होते. मध्यस्थ येतो, गोड बोलतो, मुद्रांकावर सही घेतो. भाषा इंग्रजी, पानं चाळीस. आमच्यातल्या एका शेतकऱ्याच्या बांधालगत असाच करार झाला. वाढीचं कलम तोंडी सांगितलं होतं, ते कागदावर नव्हतंच. सही करण्यापूर्वी या गोष्टी बघा. भाडेवाढ लिहिली आहे का? भाडं थकलं तर करार कधी मोडता येतो? कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला, तर नवा मालक हाच करार पाळणार का? जमिनीवर कंपनी कर्ज काढू शकते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर उठून या. मुदत संपल्यावर खांब आणि सिमेंटचे पाये कोण काढणार, हेही लिहून घ्या. आणि सातबाऱ्यावर जितकी नावं आहेत, त्या सगळ्यांच्या, बहिणींच्यासुद्धा, सह्या बसून, वाचून, समजून झाल्या पाहिजेत.

गायरानावर प्लांट येतोय म्हणतात. त्याचं काय?

सगळ्यात नाजूक प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारी जमीन प्रकल्पाला देणं कागदावर सोपं असतं. भूसंपादन नाही, भाव ठरवणं नाही. सातबाऱ्यावर ‘गायरान’ लिहिलेलं असतं आणि नकाशावर ती जागा रिकामी दिसते. पण मराठवाड्यातली गायरानं रिकामी नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हापासून हजारो दलित, भटक्या, पारधी कुटुंबांनी दगडगोटे वेचून या जमिनी पिकवल्या आहेत. पुढे दलित हक्कांसाठी लढणाऱ्या एकनाथ आवाडांनी बीडसह सगळ्या मराठवाड्यात हा लढा गावोगाव नेला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी वहिवाट नियमित करायचं ठरलं. तरीही असंख्य कुटुंबांच्या हातात आजही कागद नाही. दंडाच्या पावत्या आहेत, जुने पंचनामे आहेत, पण सातबाऱ्यावर नाव नाही.

अशा जमिनीवर एके दिवशी कुंपणाचे खांब येतात. मोबदला द्यायचा कुणाला, तर कुणालाच नाही, कारण कागदोपत्री तिथे कुणी नाहीच. गावातले जमीनदार प्रकल्पाचं स्वागत करतात, कारण त्यांच्या रानाला दिवसा लाईट मिळणार असते. म्हणजे एकाची दिवसाची वीज दुसऱ्याच्या भाकरीवर. आम्ही सौर ऊर्जेचे कट्टर समर्थक आहोत, आणि म्हणूनच हे आम्हाला मान्य नाही.

शिवाय गायरान म्हणजे चराई. शेळ्या-मेंढ्या पाळणारी धनगर कुटुंबं, गावातल्या विधवा बायांच्या दोन-चार शेळ्या, माळावरची हरणं, लांडगे, माळढोक गेल्यावर उरलेले बाकीचे माळपक्षी, हे सगळं त्या ‘पडीक’ शब्दाखाली झाकलं जातं.

आमची मागणी सरळ आहे. गायरान देण्यापूर्वी वहिवाटीची पाहणी करा, १९९१ च्या निर्णयातले हक्क आधी निकाली काढा, चराईला किती जागा लागते ते मोजा आणि मगच उरलेल्या जमिनीचा विचार करा. जिथे वहिवाट आहे तिथे त्या कुटुंबाला भाड्याचा वाटा द्या. सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. ते कशावर खर्च करायचं, हे ठरवताना वस्तीवरची माणसं सभेत हजर असली पाहिजेत.

तुमची वहिवाट असेल, तर आजच कागद गोळा करा. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे जुने उतारे, शेजाऱ्यांचे जबाब, विहीर किंवा झाडांचे फोटो. आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन ठेवा.

पवनचक्क्यांच्या कंपन्या, टॉवर, दादागिरी. यात सामान्य माणसाने पडावं का?

बीड आणि धाराशिवच्या बालाघाटाच्या पठारावर वारा चांगला आहे. पाटोदा, केज, वाशी, भूमकडे चक्क्या उभ्या राहिल्यात आणि अजून राहणार आहेत. पैसा आला, पाठोपाठ दलाल आले आणि खंडणीही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची अमानुष हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडलं आणि खटला न्यायालयात आहे. त्या घटनेनंतर आम्हाला कितीतरी गावांत विचारलं गेलं, ‘आता तुम्ही यात कशाला पडता?’

पडतो, कारण व्यवहार अंधारात झाले की गुंड माजतात. कोणत्या गटात किती जमीन घेतली, भाव काय दिला, कोणत्या ठेकेदाराला काम दिलं, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं, तर मधल्या माणसाला विकायला काही उरत नाही. तुम्हाला धमकी आली, तर एकट्याने अंगावर घेऊ नका. दहा-वीस जणांनी मिळून पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या.

उच्चदाब वाहिन्यांच्या मोबदल्याबद्दल बऱ्याच जणांना माहिती नसते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी किमतीच्या ३० टक्के रक्कम धरलेली आहे. पिकाचं नुकसान वेगळं. कुणी ‘दहा हजार घ्या आणि सही करा’ म्हणत असेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात दर विचारा.

पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात का?

नाही. चक्कीचं पातं अगदी टोकाला धरलं तरी दोनशे मीटरच्या आसपास पोचतं. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात आणि त्यांना ढकलणारी यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेली असते. बालाघाटावर चक्क्या नव्हत्या, तेव्हाही पाऊस ओढ देत होताच.

जायकवाडीवर तरंगते पॅनेल टाकणार आहेत. तुमची भूमिका काय?

आमच्यातही यावर एकमत नाही. पॅनेलच्या सावलीने बाष्पीभवन कमी होतं आणि शेतजमीन वाचते. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट आहे, उन्हाळ्यात त्यातलं केवढं पाणी उडून जातं हे पैठणकर बघतातच. दुसरीकडे, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि हजारो मासेमारांचं पोट त्यावर आहे. धरणात जमीन गेलेल्यांनी मासेमारी धरली, आता तीही जाणार म्हटल्यावर ते चिडणारच. पैठणच्या कहार समाजाच्या समितीने दाद मागितली होती. ती हरित लवादाने फेटाळली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

माझं स्वतःचं मत असं, की आधी कालव्यांवर, सरकारी इमारतींवर, औद्योगिक वसाहतींच्या शेडवर, बाजार समित्यांच्या छपरांवर पॅनेल टाका. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या पत्र्यांवर केवढी जागा आहे! अभयारण्याच्या पाण्यावर सगळ्यात शेवटी जा. आणि जायचंच असेल, तर उथळ काठ आणि मासेमारीचे पट्टे सोडून, मासेमारांना वार्षिक वाटा देऊन.

रात्री सूर्य नसतो. मग?

रात्रीसाठी बॅटरी, जलविद्युत आणि अजून काही वर्षं कोळसा. पावसाळ्यात ऊन कमी असतं, तेव्हा वारा जोरात असतो, म्हणून दोन्ही हवेत. मराठवाड्याला पाण्यावरची वीजही नवी नाही. पूर्णेवरच्या येलदरीला साडेबावीस मेगावॅटचं केंद्र १९६८ पासून आहे. पैठणच्या १२ मेगावॅटच्या केंद्रात तर पाणी उलटं वर चढवून पुन्हा वापरण्याची सोय केलेली आहे. वीज साठवून ठेवण्याचीच ही एक रीत.

परळीचं केंद्र बंद झालं, तर तिथल्या लोकांनी काय करायचं?

उद्याच बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. पण जुने संच एकेक करून निवृत्त होतात, हे परळीने पाहिलंय, आणि दरवेळी कंत्राटी कामगाराला शेवटच्या दिवशी कळतं. राखेवर वीटभट्टी चालवणारे, ट्रकवाले, कॅन्टीनवाले हे तर कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

परळीकडे दोन गोष्टी तयार आहेत, मोठ्या क्षमतेच्या पारेषण वाहिन्या आणि सरकारी जमीन. सौर वीज साठवायचे मोठे बॅटरी प्रकल्प जिथे वाहिनी आधीच आहे तिथे स्वस्त पडतात. ते परळीतच व्हावेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याचे अभ्यासक्रम आताच सुरू व्हावेत आणि नोकरीत स्थानिक कंत्राटी कामगारांना पहिला हक्क मिळावा. राखेच्या तलावांची सफाई हे तर दहा वर्षांचं काम आहे, त्यात रोजगारच आहे.

घराच्या छतावर बसवायचं असेल तर?

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. जागा सुमारे शंभर चौरस फूट लागते. धुळीचा भाग असल्याने पंधरा दिवसांतून एकदा पॅनेल पुसावं लागतं, ओल्या फडक्यानेही भागतं. गारपिटीला घाबरू नका. पॅनेल २५ मिलिमीटरच्या गारा झेलण्याची चाचणी पास झालेली असतात. लिंबाएवढ्या गारा पडल्या तर मात्र फुटू शकतात, म्हणून विमा काढा. माळवदाचं (मातीच्या धाब्याचं) घर असेल, तर आधी मिस्त्रीला छत दाखवा.

पंचवीस वर्षांनी या पॅनेलचा कचरा कुठे जाणार?

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश आहे, म्हणजे विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर येते. प्रत्येक करारात हे कलम घालून घ्या.

आमच्यासारख्यांनी मागितल्याने काही बदलतं का?

बदलतं. जायकवाडीचा इतिहास बघा. वर नगर-नाशिकची धरणं भरलेली आणि खाली नाथसागर कोरडा, हे वर्षानुवर्षं चाललं. मराठवाड्यातल्या लोकांनी रस्त्यावर आंदोलनं केली, पण लढा जिंकला तो कागदाने. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं कलम होतं. त्यावर बोट ठेवून अभ्यासकांनी आणि वकिलांनी पाठपुरावा केला. सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने पाणी सोडण्याचं सूत्र मांडलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे त्यातूनच आलं. दरवर्षी पुन्हा भांडावं लागतं, हे खरं. पण आता भांडायला हातात काहीतरी आहे.

विजेच्या बाबतीत तसं हत्यार अजून घडवायचंय. मोठ्या कोळसा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, म्हणून जनसुनावणी होते. सौर आणि पवन प्रकल्पांना ती मंजुरी लागत नाही, म्हणून सुनावणीही नाही. गावाचं म्हणणं ऐकायची एकमेव जागा उरते ती ग्रामसभा. तिचा ठराव कंपनीचे हात बांधत नसला, तरी जिल्हाधिकाऱ्यांसमोर आणि न्यायालयात तो पुरावा ठरतो. वीजदरांसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोग सूचना-हरकती मागवतो, त्यात कुणीही ग्राहक लिहू शकतो. मराठवाड्यातून तिथे फार कमी पत्रं जातात आणि ही आपलीच चूक आहे.

तुम्ही कोणत्या पक्षाचे?

कोणत्याच नाही. आमच्यात सगळ्या पक्षांना मत देणारे आहेत. कंपन्यांकडून पैसे घेत नाही, गाडीचं पेट्रोल वर्गणीतून भरतो.

ग्रामसभेत ठराव नेमका कसा मांडायचा?

सभेची सूचना सात दिवस आधी निघते, त्याआधीच विषय लेखी द्या, म्हणजे ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलता येणार नाही. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असलेली संख्या लागते. महिलांची सभा आधी होते, तिथे विषय नक्की मांडा. पाण्याचा आणि रात्रीच्या लाईटचा प्रश्न बायका जास्त नेमका मांडतात, असा आमचा अनुभव आहे. खालचा मसुदा वापरून पाहिलेला आहे, हवा तसा बदला.

‘ही ग्रामसभा ठरवते की, गावाच्या हद्दीत कोणताही सौर अथवा पवन ऊर्जा प्रकल्प किंवा उच्चदाब वाहिनी उभारण्यापूर्वी कंपनीने प्रकल्पाची माहिती, गट क्रमांक, भाड्याचे व मोबदल्याचे दर मराठीत लेखी सादर करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. गायरानावरील वहिवाटदार कुटुंबांची व चराईची पाहणी महसूल विभागाने ग्रामस्थांसमक्ष करावी व तोपर्यंत जमीन हस्तांतरित करू नये. पॅनेल धुण्यासाठी गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत वापरू नये. गावाच्या शेती फिडरला दिवसा वीज मिळण्याचे वेळापत्रक महावितरणने लेखी कळवावे. कामावर घेताना गावातील भूमिहीन कुटुंबांतील तरुण-तरुणींना प्राधान्य द्यावे.’

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि एक कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती ठरावाच्या नकलेलाच टाचून ठेवा.